वळसा

१

मत्स्यालयात सगळेच तिला वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी एकट्या बेडकाची. पण हा तिचा धाकटा दीर दिवसभर "वहिनी, अगं वहिनी" करत मागे फिरायचा, तेव्हा ते नाव आधी पंपवाल्या मिस्त्रींनी उचललं, मग तिकीटखिडकीतल्या बाईंनी, आणि शेवटी साहेबांनीसुद्धा. साहेब वयाने तिच्या वडिलांएवढे. एकदा त्यांनी मुद्दाम तिचं खरं नाव विचारून घेतलं, "छान आहे" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वहिनी.

बेडूक हेही काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा त्याचे पुढचे दात पडलेले होते आणि तो सदानकदा पाण्यात असायचा, बादलीत, टाकीत, डबक्यात, जिथे सापडेल तिथे. पुढे तिचा नवरा गेला. माहेरच्यांनी परत बोलावलं, तर ती म्हणाली, "मग याला शाळेत कोण सोडणार?" आणि राहिली. सासूबाई, बेडूक आणि ती, असं तिघांचं घर झालं. आता बेडूक चांगला दाढीमिशांचा बाप्या होता. पाठीला सिलिंडर बांधून मोठ्या टाकीत उतरायचा, आतून काचा घासायचा, एखादा मासा मेला तर वर आणायचा. वहिनी वरून माशांना खायला घालायची.

मोठी टाकी म्हणजे दोन मजले उंच गोल हौद. खाली अंधारं दालन, त्यात भिंतभर वाकलेली जाड काच, आणि काचेला नाकं लावून उभे असलेले लोक. वर लोखंडी जाळीची गॅलरी. आणि पाण्यात ट्यूना, ज्याला कोळी कुपा म्हणतात. माणसाएवढे लांब, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते, पाठ निळी-काळी, पोट चांदीचं.

बहुतेक मासे एका जागी उभे राहून कल्ले हलवतात आणि श्वास घेतात. ट्यूनाला ते जमत नाही. त्याने तोंड उघडं ठेवून सतत पुढे जायचं, तेव्हा कुठे पाणी कल्ल्यांतून वाहणार. थांबला की गुदमरला. तो झोपेतही पोहतो. त्याचं रक्तसुद्धा माशासारखं थंड नसतं, आपल्यासारखं कोमट असतं. उघड्या समुद्रात तो या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जातो, आणि शौकीन लोक मोठाले गळ घेऊन त्याच्याशी अर्धा अर्धा दिवस झुंजतात. इथे तो गोल फिरायचा. सगळी झुंड एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे, जन्मभर.

"माझ्या जावयाला आणून दाखवला पाहिजे," मिस्त्री म्हणायचे. "त्याचं बरोबर उलटं आहे. हलला की गुदमरतो."

त्या सकाळी वहिनी बांगड्यांची बादली घेऊन गॅलरीत आली. दालन अजून उघडलेलं नव्हतं. तिने कठड्यावर बादली टेकवली, खाली पाहिलं, आणि हात बादलीतच राहिला.

झुंड काचेकडून आली, हौदाच्या एका ठिकाणी मधोमध फाटली, दोन बाजूंनी गेली, आणि पुढे परत एक झाली. ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तशी.

धोंडा मात्र नव्हता. तिथे नुसतं पाणी होतं.

२

ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. नवरा गेल्यानंतर लोकांनी तिला काय काय सांगून पाहिलं होतं, आणि तिने सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं. म्हणून तिने आधी मिस्त्रींना हाक मारली.

मिस्त्री वर आले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "पाण्याचा झोत असणार," ते म्हणाले. "आत येणाऱ्या पाइपाचं तोंड फिरलं असेल. माशांना ते टोचतं."

त्यांनी खाली जाऊन पंप बंद केला. घरघर थांबली. इतक्या वर्षांत वहिनीने ती टाकी कधी शांत ऐकली नव्हती. पृष्ठभाग काचेसारखा झाला. झुंड आली, फाटली, एक झाली.

"आता?" खालून मिस्त्री ओरडले.

"तसंच."

"मग उजेड असेल कसला तरी!"

उजेडही नव्हता. बेडकाने दिवे घालवून पाहिले, लावून पाहिले. त्याला सगळ्याची गंमत वाटत होती. "वहिनी, त्यांनी तिथे रस्त्याचं काम काढलं असेल. फलक लावला असेल, वळण घ्या."

दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्या माशांच्या डॉक्टर. हुशार, बोलायला मोकळ्या, वहिनीशी त्यांचं चांगलं जमायचं. त्या खाली दालनात काचेसमोर बसल्या आणि वहिनीला शेजारी बसवून घेतलं. आता ती जागा हलली होती. सकाळी मध्यावर होती, आता काचेच्या जवळ. कापडाला कात्री लागावी तशी झुंड उघडत होती.

"हे मी समुद्रात पाहिलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोठा शिकारी झुंडीत शिरला ना, की मासे असेच करतात. त्याच्या तोंडासमोरून दोन्हीकडे फुटायचं आणि शेपटीमागे एक व्हायचं. म्हणजे तो वळेपर्यंत आपण त्याच्या मागे."

"पण हे तर पिल्लं असताना पकडून आणलेले. यांनी शिकारी कुठे पाहिला?"

"भीती शिकावी लागत नाही, वहिनी."

मग त्यांनी झुंडीचं ते उघडणं आणि मिटणं बोटाने काचेवर काढून दाखवलं. उघडण्याचं टोक इथे, मिटण्याचं तिथे. दोन्ही टोकं दाखवायला त्यांना दोन्ही हात ताणावे लागले. ते पाहून त्या स्वतःच थांबल्या, हात खाली घेतले आणि म्हणाल्या, "पाणी तपासायला पाठवू."

३

पाणी चांगलं निघालं. आणि त्याच आठवड्यात पहिला मासा मेला.

ट्यूना टाकीत मरतो तो बहुतेक वेळा भिंतीवर आपटून. काहीतरी दचकवतं, तो सुसाट सुटतो, आणि समोर भिंत असते हे त्याला कळतच नाही. समुद्रात भिंती नसतात. त्यामुळे सकाळी तो मासा मान मोडून तळाशी पडलेला दिसला तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बेडकाने त्याला वर आणलं. डॉक्टरबाईंनी मागच्या खोलीतल्या स्टीलच्या टेबलावर त्याला चिरलं.

वहिनी दारात उभी होती. एरवी ट्यूनाचं मांस गडद लाल असतं. हे फिकट होतं, राखाडी, ओलसर. सुरीला तुकडे चिकटत होते.

"हे शिजलंय," वहिनी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. हातमोजा काढून त्यांनी उघड्या बोटांनी मांस दाबून पाहिलं. "गळाला लागलेला ट्यूना झुंजतो ना, तासन्तास, जिवाच्या आकांताने, तेव्हा त्याचं अंग इतकं तापतं की मांस आतल्या आत भाजून निघतं. कोळी म्हणतात, मासा जळला. बाजारात त्याला कुणी विचारत नाही."

"याला कुठला गळ?"

त्यांनी माशाचा जबडा उघडला. टाळू पाहिला, जीभ पाहिली, कल्ल्याखाली बोट फिरवलं. कुठे ओरखडा नव्हता.

"काल संध्याकाळी मी यांना खायला घातलं," वहिनी म्हणाली. "सगळे नीट होते. रात्रभर कुणाशी झुंजला हा?"

डॉक्टरबाई बेसिनवर हात धूत राहिल्या. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी नळ चालूच होता.

४

त्यानंतर एकामागून एक जाऊ लागले. सगळे भाजलेले. साहेबांनी दुसऱ्या मत्स्यालयांतून जाणकार बोलावले. ते आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले, फोनवर लांबलचक नावं सांगत राहिले. कुणी म्हणालं विषाणू, कुणी म्हणालं तांब्याचा अंश. वहिनीला प्रत्येक वेळी हायसं वाटायचं. नाव असलं की निम्मं दुखणं कमी होतं. मग ती गॅलरीत जायची, आणि खाली पाहिलं की ते नाव तिच्या डोक्यातून गळून जायचं.

कारण झुंड लहान होत होती आणि ती रिकामी जागा मोठी. आधी मासे तिला वळसा घालायचे. आता ते भिंतीकडेच राहत. हौदाच्या कडेने एक अरुंद पट्टा उरला होता, त्यात ते एकामागे एक, अंग घासत फिरत. मधलं सगळं पाणी मोकळं. निळं, स्वच्छ, दिव्यांच्या उजेडात अगदी सुंदर. खाली लोक यायचे, काचेतून बघायचे आणि म्हणायचे, "केवढी शांत जागा आहे."

एकदा तिने मुद्दाम मध्यावर बांगडा फेकला. तो हळूहळू खाली जाऊ लागला. कडेने फिरणाऱ्या माशांचे डोळे फिरले. सगळ्यांना तो दिसला. सगळे उपाशी होते. त्यांच्या पाठीवर झरझर पट्टे उमटले, भूक लागली की उमटतात तसे. पण एकानेही वाट सोडली नाही.

"मूर्खासारखं करू नकोस," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. "सवय लागलीये त्यांना, बस." स्वतःचा आवाज तिला जरा वरच्या पट्टीतला वाटला.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, तुझं जेवणात लक्ष नाही?"

"मासे मरतायत."

"मासे मरायचेच," सासूबाई म्हणाल्या. "हा तेवढा नीट वर येतो ना रोज?"

"मी असते की वर दोरी धरून," वहिनी म्हणाली. बेडूक तोंडात घास असताना हसला आणि त्याला ठसका लागला. दोघींनी एकाच वेळी उठून त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

५

शेवटी दोनच उरले, आणि मग त्यातला एक हौदाच्या बरोबर मध्यावर, तळाशी जाऊन पडला. मरताना कुठल्या जोराने तिथपर्यंत गेला कोण जाणे.

सकाळची वेळ होती. बेडकाने चष्मा चढवला, नळी तोंडात धरली, अंगठा वर केला आणि उतरला. वहिनी गॅलरीत दोरी धरून बसली. पाणी स्वच्छ होतं. तळावरचा मासा, त्याचं पांढरं पोट, सगळं वरून लख्ख दिसत होतं.

बेडूक खाली गेला आणि भिंतीच्या कडेने पोहू लागला. तिला वाटलं, काचेवर काही पाहत असेल. तो कडेकडेने गेला, गेला, पूर्ण एक फेरा मारला, आणि वर आला.

"नाही सापडला," तो नळी काढून म्हणाला. "कुठे पडलाय?"

"अरे, मध्ये! समोर दिसतोय!"

"मध्येच तर गेलो होतो. सरळ आरपार."

"तू भिंतीला धरून गेलास."

"वहिनी, मला काय सरळ पोहता येत नाही?" तो हसला. त्याला खरंच तसं वाटत होतं. तिने दोरी पुन्हा हाताला गुंडाळली.

तो पुन्हा उतरला. या वेळी तिने डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. तो तळाशी पोचला, मध्याकडे वळला, पाय मारले, आणि त्याचं अंग आपोआप, अगदी सहज, बाजूला गेलं. दारातून जाताना माणूस उंबऱ्यावर पाय उचलतो तसं. त्याला कळलंही नाही.

मग त्याने श्वास सोडला. बुडबुड्यांचा एक गुच्छ त्याच्या डोक्यावरून वर निघाला. जरा वर आला आणि तिरका झाला. बुडबुडे कशाला तरी टेकले आणि त्या कशाच्या तरी अंगावरून घरंगळत, चमकत, सरकत गेले. क्षणभर त्यांनी एक बाजू रेखून दाखवली. गुळगुळीत, फुगीर बाजू. ना डोळा, ना पंख. ती बाजू हौदाच्या या भिंतीपाशी सुरू झालेली तिला दिसली. बुडबुडे तिच्यावरून पुढे जात राहिले, आणि समोरच्या भिंतीशी पोचले तरी ती बाजू संपलेली नव्हती. ती भिंतीच्या पलीकडे, सिमेंटच्या आत, तशीच पुढे जात होती.

वहिनीने दोरी दोन्ही हातांनी ओढली.

"काय झालं? मी तर आत्ताच खाली पोचलो होतो," बेडूक वर येऊन ओरडला. तिने त्याला काखेत हात घालून जाळीवर ओढून घेतलं आणि त्याचं ओलं डोकं छातीशी धरलं. तो इतका मोठा झाल्यापासून तिने असं केलं नव्हतं. तो लाजला.

"आता उतरायचं नाही," ती म्हणाली. "नोकरी गेली तरी चालेल."

६

उतरायची गरजही उरली नाही. साहेबांनी टाकी रिकामी करून धुवायचं ठरवलं. उरलेल्या एका ट्यूनाला मोठ्या झोळीतून मागच्या हौदात हलवलं. तिथे सोडल्याबरोबर तो ऐसपैस, मधूनच, आडवातिडवा पोहू लागला आणि दुपारी त्याने वहिनीने टाकलेले सगळे बांगडे खाल्ले. तिला रडूच आलं.

पाणी उतरायला एक दिवस गेला. मग तळाचं दार उघडलं आणि खराटे, पाइप घेऊन सगळे आत शिरले. मिस्त्री, डॉक्टरबाई, झाडूवाले, बेडूक. वहिनीही गेली. पाणी नाही म्हणजे ते काही असलं तरी नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. वरून उजेड येत होता. हौद म्हणजे एक ओलं, निळ्या रंगाचं, घाण वासाचं मोठं पातेलं, बस. तिला हसू आलं. एवढ्याला भ्यायलो आपण.

मध्यावर मेलेला मासा पडला होता.

"तो आधी उचला रे कुणीतरी," साहेब दारातून नाकाला रुमाल लावून म्हणाले.

"हो साहेब," दोघे-तिघे एकदम म्हणाले, आणि झाडत राहिले.

थोड्या वेळाने साहेब वैतागून पुन्हा म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "अहो हा काय, निघालोच." ते पोतं घेऊन निघाले, तरातरा चालत गेले आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन पोचले. तिथे पोतं हातात धरून क्षणभर विचारात पडल्यासारखे उभे राहिले, आणि मग भिंतीवरचं शेवाळ खरवडू लागले.

वहिनीने आजूबाजूला पाहिलं. सगळे कामात होते, गप्पा मारत होते, कुणी शीळ घालत होतं. इकडचा तिकडे जात होता, तिकडचा इकडे येत होता. आणि प्रत्येक जण वळसा घालून जात होता.

तिने बेडकाला हाक मारायला तोंड उघडलं. तो पाइप ओढत भिंतीच्या कडेने तिच्याकडेच येत होता. शेवाळावर त्याचा बूट सटकला. तो पाठीवर आदळला आणि तळाच्या उतारावरून, हातपाय वर, घसरगुंडीवरून जावं तसा थेट मध्यावर गेला. माशापाशी जाऊन थांबला.

सगळे हसले. बेडूकही हसला. कंबर चोळत बसता झाला, म्हणाला, "आई गं! सापडला एकदाचा हा."

त्याला उठवायला मात्र कुणी पुढे गेलं नाही. लहानपणी तो नुसता अडखळला तरी वहिनी हातातलं टाकून धावायची. तिला कळलं की आत्ताही तिने धावायला हवं होतं. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. ते मागे सरकत होते.

बेडूक स्वतःच उठला, त्याने मासा उचलून कवेत घेतला आणि आणून मिस्त्रींना द्यायला पुढे केला. मिस्त्रींनी पोतं जमिनीवर ठेवलं आणि मागे झाले. "ठेव त्यात," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

बेडूक हौदाबाहेर गेला. त्यानंतर झाडूवाल्यांनी मधली जागा लखलखीत झाडून काढली.

७

घरात पहिल्यांदा सासूबाईंचं चालणं बदललं. त्या स्वयंपाकघरात जाताना भिंतीला हात लावून जाऊ लागल्या. "म्हातारपण," त्या म्हणाल्या. "मधून चालायची भीती वाटते, पडेन म्हणून." बेडूक मधल्या खोलीतल्या कॉटवर बसलेला असायचा. तो उठून आत गेला की त्या मधून चालत.

वहिनी सकाळी त्याला चहा द्यायला जायची आणि कप स्टुलावर ठेवून यायची. चार-पाच दिवस गेले आणि एकदा तो म्हणाला, "वहिनी, तू हल्ली कप हातात देत नाहीस."

"काहीतरीच काय!" ती म्हणाली. तिने कप उचलला, त्याच्याकडे चालू लागली. पाहते तो कप खिडकीच्या फळीवर ठेवलेला होता आणि ती फळीपाशी उभी होती.

बेडूक तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत केव्हाच गेली होती.

"कामावरही असंच आहे," तो म्हणाला. "बसमध्ये माझ्या आजूबाजूची बाकं रिकामी असतात. लोक उभे राहतात, पण बसत नाहीत. त्यांना काही वाटतंय असंही नाही गं. ते माझ्याशी बोलतात, हसतात. फक्त जवळ येत नाहीत."

"तुला काही होतंय का? दुखतंय?"

"नाही. पाठीला गार लागतं, पाण्यात असल्यासारखं. आणि..." तो थांबला. "रात्री मी कुशीवर वळलो ना, की काहीतरी माझ्याबरोबर वळतं. जरा उशिरा. वळायला त्याला खूप वेळ लागतो."

खोलीत बाहेरच्या रस्त्याचा गलका येत होता.

"वहिनी, एकदा हात लाव ना मला."

"थांब," ती म्हणाली. "डोळे मिटते. तू बोलत राहा. मी आवाजावर येते."

तिने डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केले. तो बोलू लागला, तोंडाला येईल ते, शाळेत पाठ केलेले पाढे. बे एके बे, बे दुणे चार. ती आवाजाच्या रोखाने एकेक पाऊल टाकत गेली. या पोराला तिने न्हाऊ घातलं होतं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं. ती सरळ जात होती. देवाशपथ सरळ जात होती. बोटांना काहीतरी लागलं, गार, कठीण. तिने डोळे उघडले. समोरची भिंत होती.

"बे सक बारा," मागून आवाज आला. मग तो थांबला. "वहिनी, मी इकडे आहे."

दिवसागणिक ती जागा वाढत गेली. जेवायला दोघी स्वयंपाकघरात बसत, तो कॉटवर. मग दोघींना ओट्याला पाठ टेकून बसावं लागू लागलं. ताट वाढताना सासूबाईंचे डोळे भरून यायचे. एका सकाळी त्या मोरीतून बाहेर येताना भिंतीला इतक्या चिकटून चालल्या की कपाटाच्या कोपऱ्याला अडखळून पडल्या. मनगट कटकन मोडल्याचा आवाज घरभर ऐकू आला.

"आई!" बेडूक धावला.

आणि पडलेली म्हातारी, मोडका हात पोटाशी धरून, फरशीवरून मागे मागे सरकू लागली. तिचा चेहरा मुलाकडे होता. "ये रे बाळा," ती म्हणत होती. "उचल मला." आणि पाय टेकून टेकून सरकत होती, कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यात गेल्यावरही तिच्या टाचा फरशीवर घासतच होत्या.

बेडूक जागच्या जागी थबकला. मग एकेक पाऊल मागे गेला, पार मधल्या खोलीच्या टोकापर्यंत. सासूबाईंच्या टाचा थांबल्या.

८

हाताला प्लास्टर घालून त्या घरी आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेडकाने बूट घातले. पिशवी भरलेली होती. वहिनी आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी, भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुढे येता येत नव्हतं.

"कुठे निघालास?" वहिनीने विचारलं.

"बघतो. मोकळी जागा असेल तिथे."

"मी येते बरोबर."

"कशी येशील?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने दोघींकडे पाहिलं, वाकून लांबूनच नमस्कार केला, आणि म्हणाला, "आई, कामावर जातो गं."

"लवकर ये," सासूबाई म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या, आणि मग पदराचा बोळा तोंडात कोंबला.

जिन्यावर त्याचे बूट वाजले. वहिनीने मान वळवून खिडकीतून खाली पाहिलं. बाजाराची वेळ होती, रस्ता माणसांनी फुललेला. बेडूक दारातून बाहेर पडला आणि गर्दी उघडली. सायकलवाला वळला. दोन बायका बोलता बोलता अलगद बाजूला झाल्या. पाटीवाला कडेला गेला. कुणी मान वर करून पाहिलं नाही, कुणाचं बोलणं थांबलं नाही. मोकळ्या पट्ट्यातून तो एकटा चालत गेला, खाली मान घालून, पिशवी खांद्याला. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानापाशी त्याने एकदा वर खिडकीकडे पाहिलं. वहिनीने हात उंचावला. मग तो वळला आणि दिसेनासा झाला.

ती गर्दी मिटायची वाट पाहत राहिली.

सायकली वळत होत्या. पाटीवाले कडेकडेने जात होते. दुकानाच्या कोपऱ्यापासून थेट त्यांच्या दारापर्यंत रस्त्याचा मधला पट्टा मोकळाच होता, आणि माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी हसत, बोलत, ओझी सावरत चालली होती.

"गेला का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली.

"मग मला कॉटवर नेऊन बसव. पाय भरून आले."

वहिनीने त्यांच्या चांगल्या हाताखाली खांदा दिला. समोर मधली खोली होती, रिकामी कॉट, सताड उघडं दार, दारातून फरशीवर पडलेलं ऊन. ती पाऊल उचलू लागली, आणि तिची पाठ भिंतीला आणखी घट्ट टेकली.

"थांबा जरा, आई," ती म्हणाली. "अजून जातंय ते."